गरम गुळांब्यावरचं झाकण

“…मग मन बसत का नाही, आक्का? अजून काय करायचं राहिलंय माझं?”

आक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“चारला उठतो,” माळवद्यांनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. “गार पाण्यानं आंघोळ. अकरा माळा सकाळी, अकरा संध्याकाळी. एक मणी इकडचा तिकडं होत नाही. चहा सोडला, वर्तमानपत्र सोडलं. फोन बंद करून पिशवीच्या तळाला घातलाय. आता तुम्हीच सांगा.”

“काय सांगू?”

“अनुग्रह कधी देणार ते.”

आक्कांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“बस की जरा.”

हे ‘बस की जरा’ माळवदे तीन वर्षं ऐकत होते, आणि बसणं हीच तर त्यांची अडचण होती. आत्तासुद्धा मांडी घातलेली होती, पण उजवा गुडघा एकसारखा हलत होता.

रंगनाथ माळवदे चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात फिटर होते. आपण बसवलेला नळ कधी गळला नाही, हे ते लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगत. खोटं नव्हतं ते. त्यांच्या मनगटाला पान्याची गरजच पडत नसे.

निवृत्तीनंतर गावातले नळ सुटले, पण हातांना ते कोण सांगणार? हात घरात वळले. गॅसचं बटण, खिडक्यांच्या कड्या, डाळीतांदळाचे डबे, लोणच्याच्या बरण्या… दिवसातून दोनदा फेरी व्हायची. झाकण दिसलं की पिळ. मुंगी नको, दमट हवा नको, सांडासांड नको.

आता त्यांनी मन घ्यायचं ठरवलं होतं. तेही असंच बंद होईल, असा त्यांचा हिशेब होता.

आक्कांचा मठ म्हणजे डोंगराच्या उतारावरचं दत्ताचं छोटं देऊळ आणि त्याच्या मागं दोन खोल्या. आक्का सत्तरी ओलांडलेल्या. ना गादी, ना आसन. चुलीपाशी पोत्यावर बसायच्या, आलेल्याशी तिथंच बोलायच्या. सोबतीला हौसाबाई नावाची एक फटकळ बाई होती. ती स्वयंपाक करायची आणि आल्यागेल्याची खोड काढायची.

माळवदे अकरा दिवसांच्या अनुष्ठानाला आले होते. पहिल्याच दिवशी त्यांना मोरीतला नळ गळताना दिसला. टप… टप… जपाला बसले तरी कानात तेच. तिसऱ्या माळेला उठले आणि दोन्ही हातांनी नळ असा पिळला, की ठिपका बंद.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईंची हाक आली.

“ओ माळवदे! या तुमच्या नळाला हात जोडायला! घागर घेऊन तासभर उभी हाय मी!”

माळवदे आले आणि एका हिसक्यात नळ उघडून दिला. वर सांगितलं, “काही लागलं की मला हाक मारायची. संकोच करायचा नाही.”

मनातून ते खूश झाले होते. आक्का पोत्यावरून बघत होत्या, तेव्हा त्यांनीही पाहिलं असणार, असं त्यांना वाटलं.

त्यांना खटकत होतं ते वेगळंच. आक्कांच्या स्वयंपाकघरात एका भांड्याला धड झाकण नव्हतं. पिठाच्या डब्यावर ताटली, दुधावर जाळी, मिठाच्या भांड्यावर नुसती एक वाटी उपडी. इतक्या मोठ्या अधिकाराची बाई, आणि घर हे असं उघडं?

ते बोलले नाहीत. पण अनुग्रह झाला की सगळ्यांना नीट झाकणं आणून द्यायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आज चौथा दिवस होता.

तांदूळ निवडून झाले. हौसाबाईंनी भाकरी थापायला घेतली.

“आज भाकरीसंगं काय हाय गं?” आक्कांनी विचारलं.

“काय असायचंय? पिठलं.”

माळवदे ताडकन उठले. इतकं बसून राहिल्यावर उठायला कारण मिळालं, याचाच त्यांना आनंद झाला.

“गुळांबा आहे! आमच्या मंडळींनी खास तुमच्यासाठी दिलाय, आक्का. गडबडीत विसरलोच बघा.”

पिशवीतून पुडकं निघालं. वर सुतळी, तिच्या आत एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दुसरी, तिच्यात तिसरी, मग जुनं धोतराचं फडकं. शेवटी काचेची बरणी आली, वर पत्र्याचं फिरकीचं झाकण.

“दीड तास एसटीत होती,” माळवदे म्हणाले. “घाट, खड्डे, सगळं झालं. एक थेंब बाहेर नाही. बघा.”

“बघितलं,” आक्का म्हणाल्या. “आता दाखव बाबा आतला.”

माळवद्यांनी बरणी छातीशी धरली आणि झाकणाला पीळ दिला.

झाकण हललं नाही.

त्यांनी हात बदलला, दात आवळले आणि पुन्हा जोर लावला. काही नाही.

“घामानं निसटतंय,” ते म्हणाले. फडक्यानं झाकण पुसलं, हात पुसले, फडकं गुंडाळून पुन्हा पिळलं. मानेच्या शिरा वर आल्या.

“ऊन पाणी देऊ का?” हौसाबाईंनी विचारलं.

“द्या.”

परातीत पाणी ओतलं, बरणी त्यात उपडी धरली. धरायची होती चार-पाच मिनिटं, पण माळवद्यांनी वीस आकडे मोजले आणि बाहेर काढली. आता झाकण गरम तर झालं होतंच, वर निसरडंही झालं.

“थोडं थांबला असता तर…” हौसाबाई म्हणाल्या.

“थांबून काय होणार? जोर पाहिजे जोर.”

मग ते उंबऱ्यापाशी गेले आणि बरणी आडवी धरून झाकणाची कड उंबऱ्यावर ठोकायला लागले. ठक. ठक. ठक. पत्र्याला एक पोचा आला.

“आरं, उंबऱ्यानं काय केलंय तुझं?” आक्का म्हणाल्या.

माळवद्यांचा चेहरा लाल झाला होता. चौतीस वर्षं ज्या हातांनी गावाचं पाणी थोपवलं, ते हात एका पत्र्याच्या झाकणापुढं हरत होते. तेही हौसाबाईंच्या देखत. तेही आक्कांपुढं.

“हे असं कधी होत नाही,” ते धापा टाकत म्हणाले. “घरी सगळी झाकणं मीच लावतो, मीच काढतो. माझ्याशिवाय कुणाला उघडत नाहीत.”

ते हे अभिमानानं म्हणाले. सवयीनं तसंच तोंडून आलं.

आक्कांनी हात पुढं केला. माळवद्यांनी बरणी दिली. आक्कांनी ती उजेडाकडं धरून बघितली. गुळांबा छान तांबूस दिसत होता, त्यात लवंगा दिसत होत्या.

“प्रमिलानं केलाय न्हवं?”

“हो. तिच्या हाताला चव आहे.”

“मग तिला बोलीव. ती उघडंल.”

माळवदे हसले. आक्का मधूनच अशी गंमत करतात, हे त्यांना माहीत होतं.

“तिला कसं उघडेल, आक्का? गेल्या वर्षी मोरीत पडली, मनगट मोडलं. हाड जुळलं, पण पकड गेली ती गेलीच. साधी बाटली फिरवता येत नाही तिला.”

“आस्सं.”

“हो ना.”

“मग घरात ती काय करती?”

“मी असतो की.”

आक्कांनी बरणी खाली ठेवली.

“आत्ता?” त्यांनी विचारलं.

…



चुलीत लाकूड तडतडलं. हौसाबाईंची भाकरी तव्यावर होती, ती उलटायचं त्या विसरल्या.

माळवद्यांच्या डोळ्यांपुढं त्यांचं स्वयंपाकघर आलं. निघायच्या दिवशी त्यांनी शेवटची फेरी केली होती, नेहमीपेक्षा जरा जास्तच कसून, कारण अकरा दिवस घर सोडायचं होतं. तूरडाळ. मूगडाळ. तांदूळ. साखर. शेंगदाण्याचा कूट. लोणचं. ओट्यावरचे सगळे डबे ओळीनं. आणि कपाटातली थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. गोळ्यांना दमट हवा लागू नये म्हणून तिचंही झाकण पिळलं होतं.

गुडघा हलायचा थांबला होता. हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

ते उठले, पिशवीच्या तळाशी हात घालून फोन काढला आणि देवळाच्या पायरीकडं धावले. रेंज तिथंच मिळायची. फोन सुरू व्हायला लागला तेवढा वेळही त्यांच्याच्यानं उभं राहवेना. ते पायरी चढत होते, उतरत होते.

“हॅलो? अहो? बरं आहे ना सगळं?” प्रमिलाबाईंचा आवाज घाबरलेला होता. “तुम्ही तर अकरा दिवस फोन करणार नव्हतात.”

“मी बराय. तू काय जेवलीस?”

“आत्ता?”

“आत्ता. काल. परवा.”

“पोहे.”

“रोज?”

“पोह्यांची पिशवी आहे ना, ती कात्रीनं कापता येते.” प्रमिलाबाई घाईनं पुढं म्हणाल्या, “दूध आहे. केळी आणली होती. चाललंय माझं, तुम्ही जप करा.”

“आणि डाळ? तांदूळ?”

…

“वरच्या वहिनींना बोलावलं होतं पहिल्या दिवशी,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “त्यांनाही उघडलं नाही. हसल्या. म्हणाल्या, तिजोरी आहे का डबा? मग पुन्हा नाही बोलावलं.”

“गोळी?”

“केळी अजून आहेत दोन,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“प्रमिला, गोळी घेतलीस का सकाळची?”

“चार दिवस नाही घेतली. बाटली फिरत नाही हो. दाताला लावून बघितली.”

माळवदे पायरीवर बसले.

“मला सांगायचंस ना,” त्यांचा आवाज चिरकला. “इतके दिवस कधी एका शब्दानं बोलली नाहीस!”

“बोलले होते.”

“कधी?”

“प्लास्टर काढलं तेव्हा. जरा हलक्या हातानं लावत जा म्हणाले होते. तुम्ही म्हणालात, मी उघडून देतो की. मला हाक मारायची, संकोच करायचा नाही.”

आपलेच शब्द होते. परवा नळापाशीही हेच म्हटलं होतं, अगदी याच सुरात. माळवद्यांना कुठं बघावं कळेना.

“आणि… मी बाजारात गेलेला असलो म्हणजे?”

“मग थांबायचं. तुम्ही येता की.” प्रमिलाबाई हे इतकं साधेपणानं म्हणाल्या की माळवद्यांना ते रागापेक्षा जास्त लागलं. मग त्यांनीच विषय बदलला. “ते जाऊ द्या. गुळांबा कसा झालाय? आक्कांना आवडला का? गूळ जरा खारट निघाला होता, मला धाकधूक होती.”

“तू चाखला नव्हतास?”

“कुठं चाखू? निवायला ठेवला होता. म्हटलं, निवला की भरते बरणी. तर तुम्ही गरमच भरलात आणि झाकण लावून टाकलंत. एसटी चुकेल म्हणून. एसटीला दोन तास होते अजून.”

माळवदे पायरीवरून उठले.

“अहो… आहात ना?”

“आहे,” ते म्हणाले. “येतोय मी.”

“अहो, पण अनुष्ठान…”

“खालच्या मजल्यावरच्या देसायांना हाक मार. आत्ताच्या आत्ता. ते गॅरेजमध्ये काम करतात, त्यांना उघडेल. आधी गोळ्यांची बाटली उघडून घे. आणि प्रमिला, ती परत लावायला देऊ नकोस.”

ते परत आले, तेव्हा आक्का भाकरी खात होत्या. ताटात पिठलं होतं आणि पिठल्याशेजारी गुळांब्याचा एक लहानसा ढीग. बरणी उघडी होती. झाकण पोच्यासकट बाजूला पडलं होतं, त्याच्याशेजारी एक साधा चमचा.

माळवदे दारातच थबकले.

“कुणी उघडली?”

“हौसानं.”

“हौसाबाईंनी?” त्यांनी हौसाबाईंच्या काटकुळ्या हातांकडं बघितलं.

“मला काय बघताय?” हौसाबाई म्हणाल्या. “चमच्याची दांडी घातली कडंला. फुस्स झालं. मग बोटानं फिरलं.”

“गरम असताना लावलं होतं मी… तिला चाखूसुद्धा दिला नाही…” माळवदे म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.

“व्हय,” आक्का म्हणाल्या. “आत वारंच न्हवतं.”

त्यांनी भाकरीचा तुकडा गुळांब्याला लावला, सावकाश खाल्ला आणि बोट चाटलं. चांगल्या गोष्टीला नावाजायची त्यांची तीच रीत होती.

माळवद्यांनी खोलीतलं सामान आवरलं. धोतर, आसन, माळ, तांब्या. नेहमी ते कपड्यांच्या घड्या मोजून बसवायचे आणि पिशवीचा बंद दोन गाठी मारून ओढायचे. आज सगळं कोंबलं. दीडची एसटी होती. खालच्या फाट्यापर्यंत पंधरा मिनिटं उतरायचं होतं.

निघताना ते मोरीत गेले. नळाला हात लावला आणि थोडा उलटा फिरवला. पाण्याचा एक थेंब तोटीशी आला, लोंबला आणि खाली पडला.

टप.

हात आपोआप नळाकडं निघाला होता, तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरून मागं घेतला.

मग ते आक्कांपुढं येऊन उभे राहिले. बसले नाहीत.

“जातो, आक्का. आज माफी असावी.”

“कसली?”

“अनुष्ठान मोडतंय. चारच दिवस झाले.” त्यांनी पिठाच्या डब्याकडं बोट केलं. “आणि खरं सांगू का? मी तुमच्या ताटल्यांना, वाट्यांना मनात नावं ठेवत होतो. म्हणत होतो, या घरात एक झाकण धड नाही.”

हौसाबाई पदराआड हसल्या. आक्का हसल्या नाहीत.

“हौसाचं हात आखडत्यात थंडीत,” त्या म्हणाल्या. “माझं तर बाराही म्हयनं.”

…

माळवदे वाकले आणि आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांना थोपवता आलं नाही. पोत्यावर दोन ठिपके पडले.

उठले, चार पावलं गेले आणि परत फिरले. तीन वर्षांची ओढ अशी एका दुपारी कशी सुटणार?

“आक्का… आता पुन्हा कधी येऊ? म्हणजे अनुग्रहाला?”

आक्कांनी गुळांब्याची बरणी जवळ ओढली. आतला पाव भाग काढून ठेवला होता, बाकी तशीच होती. त्यांनी फडक्यानं बरणीचं तोंड पुसलं. आटे पुसले. ते वाकडं झालेलं झाकण वर ठेवलं आणि दोन बोटांनी फिरवलं. पाव आटा, फार तर अर्धा.

मग बरणी माळवद्यांपुढं धरली.

“प्रमिलाला दे. तिनं चाखला न्हाय म्हणालास न्हवं?”

माळवद्यांनी बरणी दोन्ही हातांत घेतली. झाकण हातातच डुगडुगलं. फाट्यापर्यंतचा उतार त्यांच्या डोळ्यांपुढं आला, दीड तासाची एसटी, घाटातली वळणं, खड्डे, अंगावरचा पांढरा सदरा. त्यांची नजर कोपऱ्यातल्या तीन पिशव्यांकडं गेली आणि सुतळीकडं. सुतळीवर हौसाबाईंनी पोतेरं वाळत घातलं होतं.

त्यांचा उजवा हात सुटला. तो झाकणावर गेला. पाचही बोटं झाकणाच्या कडेला बसली. चौतीस वर्षांची सवय मनगटात उतरली…

आणि तिथंच थांबली.

“आक्का,” त्यांनी हळूच विचारलं, “हे असंच नेऊ?”

आक्कांनी रिकामं ताट बाजूला सारलं.

“असंच ने. वाटंत सांडलं, तर सांडू दे.”